नानाजींची रंगीत फिल्म

प्रिय ईशान आणि रेवा,

मागच्या आठवड्यात तुम्ही दोघांनी मला एक भेट पाठवलीत. माझ्या अल्बममधला शाळेचा जुना काळापांढरा फोटो फोनवरच्या कसल्याशा ॲपमधून रंगीत करून धाडलात आणि खाली लिहिलंत, "आजी, सरप्राइज!" तुमचा हेतू चांगला होता. म्हणून मी त्या दिवशी "पाहिला" एवढंच उत्तर दिलं. आता खरं सांगते. तो फोटो पाहून मला किळस आली.

त्यात वर्ध्याजवळच्या सेलूच्या शाळेतल्या शेवटच्या वर्गाच्या तीस मुली आहेत आणि मधोमध खुर्चीवर मी, त्यांची इंग्रजीची बाई. तुमच्या ॲपनं तीसही मुली एकाच परातीतल्या मैद्याच्या करून टाकल्या. गाल गुलाबी, हात दुधाळ. माझं हिरवं पातळ जांभळं झालं, त्याचं मला काही नाही. पण तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरी उभी आहे ती शकुन. तिला गोरं करण्याची ही पहिली वेळ नाही. पहिल्यांदा ते काम तिच्या सख्ख्या बापानं केलं होतं, आणि तेही असल्या गोष्टींवर सगळ्या गावासमोर थुंकणाऱ्या बापानं. त्याच्याबद्दल, म्हणजे नानाजींबद्दल, आज लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण नानाजी इंग्रजीत बोलताहेत ही कल्पनाच मला करवत नाही. हळूहळू वाचा. अडलं तर आईला विचारा.

नानाजींचं सेलूच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. आमचं भाड्याचं घर मागच्या गल्लीत, त्यांच्या घराला लागून. माणूस बुटका, पोट पुढं आलेलं, अंगात पांढरी बंडी आणि तोंडात पान. बंडी पांढरी म्हणते ती सकाळपुरती. दुपारपर्यंत तिच्यावर छातीपासून पोटापर्यंत पानाचे ओघळ उतरलेले असत, आणि त्याच बंडीला बोटं पुसून ते गिऱ्हाइकापुढं रेशमी पातळ उलगडत. पातळाला मात्र डाग लागल्याचं मी कधी पाहिलं नाही.

गिऱ्हाइकानं माल पसंत केला की ते पातळ खांद्यावर टाकून सरळ रस्त्यात उतरत. "माय, बाहीर या. दुकानातला रंग खोटा, उन्हातला खरा." बैलगाड्या खोळंबत, सायकलवाले घंट्या वाजवत, पण बाईच्या अंगावर उन्हात पदर टाकून पाहिल्याशिवाय नानाजी कापड फाडत नसत. "हा रंग तुमाले नाई सोभत. दुसरा पाहू," असंही तोंडावर सांगत. त्यांच्या लेखी लाल नावाचा रंगच नव्हता. कुसुंबी होता, डाळिंबी होता, आमसुली होता, इटकरी होता. एखादीनं "लाल दाखवा" म्हटलं की ते विचारत, "कोन्ता लाल? पोट बिघडल्यावर डॉक्टरले सांगता का, कोन्तंबी औषध द्या?"

जवळच्या धरणाच्या कामावर आलेले एक इंजिनीअर बदलून गेले तेव्हा त्यांचे दोन कॅमेरे नानाजींकडे आले: एक फोटोचा, एक किल्लीनं चालणारा, सिनेमाचा. वापरायचे कसे, ते फिल्मच्या खोक्यातल्या इंग्रजी कागदावर लिहिलेलं असे. तो कागद घेऊन ते माझ्याकडे येत. आमची ओळख वाढली ती अशी.

"बाई, हे काय लिहून राह्यले पाहा बरं."

"लिहिलंय, फिल्म थंड आणि कोरड्या जागी ठेवावी."

"मे महिन्यात? सेलूले? हा लिहिनारा आला व्हता काय इकडं?"

अख्ख्या घरात थंड जागा एकच निघाली. रांजणाखालची ओली वाळू. नानाजी डबीला मेण लावून ती वाळूत पुरून ठेवत. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणत असू. त्या करवादत, "पाहुन्याले पानी द्याले गेली का हाती डबी येते. एक दिवस फिल्मच पाजीन कोनाले." 

रिकाम्या झालेल्या डब्यांचं नानाजी काय करत ते सांगताना आजही मला शिसारी येते. ते त्यात थुंकत. एक डबी गादीजवळ, एक खाटेखाली, एक बंडीच्या खिशात. एकदा माझ्या टेबलावर, तपासायच्या वह्यांच्या शेजारी, ते अशी डबी विसरून गेले. आत फिल्म असेल, परत द्यावी म्हणून मी झाकण उघडलं. तेवीस मुलींचे निबंध मला पुन्हा लिहून घ्यावे लागले. मी डबी घेऊन तणतणत दुकानात गेले तर म्हणाले, "झाकन घट्ट व्हतं ना? मंग आपन काऊन उघडलं?" आणि वर डबीत डोकावून, "कथ्थई. फिल्मवर हा कथ्थई बराबर येत नाई बाई, जरा तांबूस येते."

असा हा माणूस. पण रंगीत फिल्मबद्दल बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटे. त्या काळी हौशी लोकांतही रंगीत फिल्म म्हणजे उधळपट्टी समजली जाई. बारशाला, मुंजीला काळापांढरा फोटो पुरे, असं सगळ्यांचं मत. नानाजी भांडत.

"काळ्यापांढऱ्यात संत्रं अन् लिंबू एकच. कुंकू काळं दिसते, सवाशिनीनं कपाळाले काजळ लावल्यावानी. हिरवी मिरची का लाल, खाल्ल्याबिगर समजत नाई. त्याले काय फोटो म्हनाव?"

"पण शिकाऊ माणसाला रंगीत जमेल का?" मी विचारी.

"त्यालेच तं जमते! काळ्यापांढऱ्याले अंधाराची खोली पायजे, दवा पायजे, धुनारा पायजे, मंग स्टुडिओवाला अन् त्याची पेन्सिल. रंगीत स्लाइडले काई नाई. ऊन पाठीमागं घ्या, खटका दाबा. कॅमेऱ्यानं पाह्यलं, पोस्टानं मुंबईले गेलं, धुऊन परत आलं. मधात कोनाचा हात नाई."

हे "मधात कोनाचा हात नाई" त्यांचं आवडतं वाक्य होतं. एखाद्या शुद्ध तुपाबद्दल बोलावं तसं ते म्हणत.

बुधवारी बाजार बंद. त्या दुपारी नानाजी दुकानामागच्या गोदामात खिडक्यांना कापडाचे तागे लावून अंधार करत आणि इंजिनीअरकडूनच आलेल्या प्रोजेक्टरनं मांजरपाटाच्या पडद्यावर आपल्या फिती आणि स्लाइड दाखवत. एका वर्षी पोळ्यानंतर दोन शेतकऱ्यांत बैलाच्या झुलीवरून जुंपली. गर्दीत झुली बदलल्या म्हणे, आणि चांगली झूल दोघंही आपली सांगत. पुरावा म्हणून एकानं स्टुडिओतला फोटो आणला. त्यात दोन्ही बैलांच्या झुली सारख्याच राखाडी. नानाजींनी दोघांना गोदामात बसवलं आणि पोळ्याची फीत लावली. पडद्यावर एक बैल हिरवी झूल घालून आला, त्याच्यामागं दुसरा आमसुली. 

"पाह्यलं?" नानाजी ओरडले. "आता बोल, आमसुली कोनाची?"

ज्याची नव्हती तो पडद्याकडे सरकला. मग म्हणाला, "नानाजी, पुन्हा एकदा लावा. माहा बैल लय भारी चालून राह्यला."

आता पेन्सिलीबद्दल सांगायला हवं. वर्ध्याला एक स्टुडिओवाला होता. नाव कशाला लिहू? जिल्ह्यातली लग्नाची प्रत्येक मुलगी त्याच्याकडे जाई. निगेटिव्हवर सगळं उलट असतं. तिथं चेहऱ्यावर पेन्सिलीनं काळं केलं की फोटोत चेहरा गोरा होतो. हा गृहस्थ भिंगाखाली बसून दिवसभर तेच करी. मुलीचे देवीचे व्रण जात, नाक नीट होई, रंग दोन पायऱ्या चढे. तो फोटो पत्रिकेसोबत पाहुण्यांकडे जाई. मग पाहुणे येत.

आमच्या शाळेत सिंधू नावाची शिवणाची शिक्षिका होती. ती सावळी, फोटोतली सिंधू चंद्रासारखी. मुलाकडचे आले, पोहे खाल्ले, आणि मुलाचा मामा तिच्याकडे पाहत तिच्या वडिलांना म्हणाला, "हे ठीक हाये. आता फोटोतली पोरगी आना." शेजारी म्हणून नानाजी तिथंच बसले होते. ते उठून मोरीवर गेले आणि थुंकले. आयुष्यात त्यांच्या थुंकण्याचं मला बरं वाटलं ते त्या एकाच वेळी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिंधूला मोरपंखी पातळ नेसवून उन्हात उभं केलं आणि स्लाइड काढली. महिन्यानं ती आली. पुढच्या स्थळाला त्यांनी स्लाइड आणि ती डोळ्याला लावून पाहायचं भिंग, दोन्ही धाडलं. सोबत निरोप: "पोरगी अशी हाये. पसंत असन तं या, नाईतं पोहे वाचतीन." हिंगणघाटचे लोक आले, आणि लग्न झालं. नानाजी वर्षभर ती गोष्ट सांगत होते. मलाही त्यांचा अभिमान वाटला होता, हे नमूद करते. 

शकुन त्यांची एकुलती मुलगी. माझ्या वर्गातली सगळ्यांत नेटक्या वह्यांची. रंगानं काळी. सावळी नाही, काळी. पावसानंतर आपल्याकडची जमीन दिसते तशी. दात पांढरे, मान लांब, चाल सरळ. एका बुधवारी स्लाइड पाहताना माझ्या लक्षात आलं की सगळा गाव पडद्यावर येऊन गेला, शकुन कुठंच नाही. मी विचारलं तर नानाजी कॅमेऱ्याची किल्ली पुसत म्हणाले, "ही फिल्म मंद असते बाई. उजेड लय लागते. शकुनच्या येळी उजेड पुरत नाई."

वर्ध्याच्या उन्हात! जिथं दुपारी डोळे उघडवत नाहीत, तिथं या माणसाला पोटच्या मुलीपुरता उजेड सापडत नव्हता. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

शकुन वीस वर्षांची झाली. तळेगावचं स्थळ आलं, घरचं किराणा दुकान आणि शेती. एके दिवशी नानाजी एक पाकीट घेऊन माझ्याकडे आले. माझं अक्षर वळणदार, म्हणून गल्लीतल्या सगळ्या मुलींची माहिती मीच लिहून देत असे. पाकिटात शकुनचा फोटो होता. काळापांढरा. वर्ध्याच्या स्टुडिओतला. कपाळ, गाल, मान, सगळं भाताच्या पेजेसारखं.

"नानाजी, हे काय?"

"लिहा बाई. नाव, शिक्षन, उंची. वर्न गोरा."

"मधात कोणाचा हात नाही म्हणत होतात ना?"

"ते दुसऱ्याच्या पोरीचं व्हतं," ते म्हणाले. "हे माह्या पोरीचं हाये."

शकुन दारात चहा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "लिहून टाका ना बाई," ती म्हणाली. "नाईतरी त्या फोटोत मी नाईच."

मुलांनो, मी कागद फेकून दिला असं तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं. मी "गोरा" लिहिलं नाही. मी "गव्हाळ" लिहिलं. भेकड माणसाला प्रत्येक भाषेत असा एक शब्द सापडतो. नानाजींची किळस आली तेवढीच त्या दिवशी स्वतःची आली, आणि ती अजून गेलेली नाही.

पाहायचा कार्यक्रम नानाजींनी दिवाणखान्यात ठेवला नाही, गोदामात ठेवला. "उन्हाचं तिथं गार वाटते," असं पाहुण्यांना सांगितलं. मी आत गेले तर खिडक्यांना तागे लागलेले, एकच दिवा, तोही शकुनच्या पाठीमागं. अंगावर अबोली रंगाचं पातळ, चेहऱ्यावर पावडर. रंग आणि उजेड यांचं जे काही ज्ञान या माणसानं वीस वर्षं गोळा केलं होतं, ते सगळं त्यानं त्या खोलीत मुलीला लपवण्यासाठी लावलं. परक्या बायांना रस्त्यात उभं करून रंग दाखवणारा हा, स्वतःच्या मुलीला उंबऱ्याबाहेर आणेना. पाहुण्यांनी होकार दिला. उन्हाळ्यात लग्न झालं.

आषाढात, आखाडीला नवी सून माहेरी येते, तशी शकुन आली. मग तिला न्यायला कोणी आलंच नाही. सासूनं स्टुडिओतला तो फोटो आरशाला चिकटवून ठेवला होता. शकुन वेणी घालायला बसली की सासू म्हणे, "आमी हिले आनाले गेलतो. तू कोन?" राखी गेली, पोळा गेला. गल्लीतल्या बाया वहिनींना रोज विचारत, "काऊन, जावई नाई आले?" नानाजी गादीवर बसून राहत. पातळं दुकानातच दाखवत, दुकानातच फाडून देत.

दिवाळीनंतर एका दुपारी शकुननं रांजणाखालची वाळू उकरली, डबी काढली आणि दुकानात बापाच्या पुढ्यात ठेवली. मी तेव्हा परकराचं कापड घ्यायला गेले होते.

"बाबा, कॅमेरा भरा. सिनेमाचा."

"शकुन, उजेड..."

"बाबा, बारा वाजले."

ती पायऱ्या उतरून भर रस्त्यात जाऊन उभी राहिली. साधं पांढरं पातळ, पावडर नाही, काही नाही. नानाजींनी किल्ली दिली. पायरीवर गुडघा टेकून कॅमेरा डोळ्याला लावला. ती बाजाराच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, फिल्म संपेपर्यंत. हसली नाही. प्रत्येक वेळी कॅमेऱ्यासमोर थांबून सरळ बापाकडे बघे. दुकानदार बाहेर येऊन उभे होते.

महिन्यानं फीत आली. नवऱ्याला पत्र लिहायचं होतं. मी म्हटलं, "मी लिहून देऊ?"

"नको बाई," शकुन म्हणाली. "तुमच्या अक्षरानं एकदा झालं."

तिचा नवरा रामदास एका बुधवारी एसटीनं आला. गोदामात बसून त्यानं फीत पाहिली आणि मान खाली घालून म्हणाला, "मले पह्यलेच माईत व्हतं. पाह्याले आलो त्या दिवशी मानीवर पावडर नोती पोचली."

"मंग बोलले काऊन नाई?" शकुननं विचारलं.

"आई बसली व्हती ना."

बाप तसा, नवरा असा. शकुन मात्र शांतपणे म्हणाली, "मंग आईलेच आना इथं. तिनं हे पाहाव, तो फोटो माह्या हाती द्यावा, मंग मी येईन. नाईतं बाबाच्या दुकानात लय काम हाये."

संक्रांतीनंतर सासू आली. ताग्यांवर बसून चार मिनिटं फीत पाहिली. पदरातून तो फोटो काढून शकुनच्या हातात दिला आणि म्हणाली, "चालते तं चांगली." पोळ्याचा बैल पाहून बोलावं तसं. शकुननं फोटो वहिनींच्या चुलीत घातला आणि पेटी भरली. नानाजी एसटीपर्यंत पोचवायला गेले नाहीत. ते बंडीचं टोक तोंडात धरून गोदामात बसून होते.

पुढं आम्ही वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला घर बांधून आलो. नानाजींना मी शेवटचं पाहिलं ते इथं, फाटकाशी. म्हातारे झाले होते, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. सेलूहून तळेगावला निघाले होते, वर्ध्याला गाडी बदलायची म्हणून वाट वाकडी करून आले. पिशवीत ती फीत होती, शकुनच्या मुलांना पाहायची होती म्हणे. खोक्यावर नाव घालायचं होतं. मी पेन घेतलं.

"काय लिहू?"

"शकुन. सेलू बाजार. दुपार."

मी लिहिलं. ते फाटकाची कडी खाली-वर करू लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रंग बी लिहा."

मी थांबले. गव्हाळ म्हणतील की सावळी, याची वाट पाहत राहिले. मी मदत करणार नव्हते.

"काळी," ते म्हणाले. "काळी लिहा बाई. ठळक."

मी लिहिलं. त्यांनी खोकं उन्हात धरून, डोळे बारीक करून वाचलं. मग खिशातून डबी काढून थुंकले, झाकण लावलं आणि गाडीच्या दिशेनं निघाले. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी त्यांना माफ केलं का, असं तुम्ही विचाराल. नाही केलं. त्यांनी ते मागितलंही नव्हतं.

नानाजी आता नाहीत. त्यांच्या शेकडो स्लाइड पेटीत बुरशी लागून गेल्या. घर आवरताना ती पेटी भंगारात गेली. सिंधूची स्लाइड गेली, पोळ्याचे बैल गेले. शकुन तळेगावला असते, तिला नातवंडं आहेत. फीत तिच्याकडे आहे. चार मिनिटांची आहे, आवाज नाही, रंग अजून आहेत.